मशीन आपलं आपण खेळतं

आमच्या घरात कॉम्प्युटर आला तो भाईसाठी, आणि तो आला तेव्हा भाई नव्हता. भाई म्हणजे माझा मोठा भाऊ, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. आमचा मामा बोटीवर होता, मालवाहू जहाजावर, आणि दर खेपेला येताना काहीबाही घेऊन यायचा. साबण, टॉर्च, आईसाठी नायलॉनची साडी, जी तिने कधीच नेसली नाही. भाईने त्याला पत्रातून कळवलं होतं की साबणबिबण काही नको, टीव्हीला जोडायचा कॉम्प्युटर आण आणि त्याच्याबरोबर लाद्यांच्या गेमची कॅसेट आण. पत्राच्या तळाशी लिहिलं होतं, ‘मशीनवर आसा तसोच हुबेहूब आसा काय, ता दुकानातच बघून घे.’ मामाने ते पत्र आम्हाला नंतर दाखवलं. माणूस गेल्यावर त्याचं हस्ताक्षर वाचायला मिळणं हे भाग्य म्हणायचं की भोग, हे मी अजून ठरवलेलं नाही.

मालवणच्या बाजारात तेव्हा दाजीचं कोल्ड्रिंक हाऊस होतं. पुढे बाकडी, बर्फाची पेटी, कोकम सरबताच्या बाटल्या, आणि मागच्या अंधाऱ्या खोलीत कपाटाएवढी उंच दोन मशिनं. एकात विमानं एकमेकांना पाडायची, त्याच्यापुढे कायम झुंबड. दुसऱ्यात वरून रंगीत चौकोनी लाद्या एकेक करून खाली यायच्या. काठी हलवून त्या डावी-उजवीकडे न्यायच्या, एका रंगाच्या तीन शेजारी-शेजारी आल्या की त्या नाहीशा व्हायच्या आणि मशीन किणकिणायचं. जुळल्या नाहीत तर त्या साचत साचत वरपर्यंत यायच्या आणि खेळ आटपायचा. गेमचं खरं नाव कुठल्यातरी परक्या लिपीत होतं, ते कोणाच्याच बापाला वाचता येत नव्हतं, म्हणून आमच्यासाठी तो लाद्यांचा गेम. भाई त्यात तरबेज होता. मी सरबताच्या आशेने त्याच्या मागून जायचे. मुलीच्या जातीने तिथे उभं राहणं बरं दिसत नाही असं काकू म्हणायची. काकूला नेमकं काय बरं दिसायचं, हे तिच्या हयातीत तरी आम्हाला कळलं नाही.

त्या मशीनची एक गंमत होती. नाणं टाकलं नाही तरी ते गप्प बसत नसे. थोडा वेळ वाट बघायचं आणि मग आपलं आपण खेळायला लागायचं, गिऱ्हाइकाला खेळ समजावा म्हणून. भाई सुरुवातीचा महिनाभर नुसतं तेच बघत उभा राहिला आणि त्यातूनच शिकला. शिकताना मशीनची एक खोडही त्याने उचलली. लादी नेमक्या जागेवर आली तरी ती लगेच सोडायची नाही, एक घर डावीकडे, एक घर उजवीकडे डुलवायची आणि मगच खाली टाकायची. मी विचारायचे, “असो डुलवतस कित्याक?” तर म्हणायचा, “मशीन तसाच खेळता गो. तेका आपल्यापेक्षा जास्त म्हायत असतला.” घरी आई चुलीपुढे बसलेली असली की तो आगपेट्या जमिनीवर मांडून तिला गेम समजावायचा. आगपेटी डावीकडे सरकव, उजवीकडे सरकव, मग खाली. आईच्या तव्यावर बांगडे तडतडत असायचे, तिरफळाचा वास घरभर, आणि ती म्हणायची, “झीला, त्या आगपेट्यो आधी माका चुलीक दी, मगे खेळ.” पण बघायची मात्र सगळं.

नारळी पौर्णिमा झाली, दर्या उघडला, आणि एका सकाळी भाई त्याच्या मित्राच्या, मोहनच्या, होडीतून गेला. आम्ही काही मासेमारी करणारे नव्हतो. बाबा शाळामास्तर. भाई आपला हौसेने गेला. होडी उलटली, मोहन पोहत किनाऱ्याला लागला, भाई लागला नाही. आठ दिवस माणसं शोधत होती. खाली देवबागपर्यंत आणि वर आचऱ्यापर्यंत वाळू तुडवली, पण देह काही मिळाला नाही. आईने त्या दिवसापासून मासळी घरात येऊ दिली नाही. का, ते तिने एकदाच बाबांना सांगितलं. ते ऐकल्यावर बाबांनी पुन्हा कधी विचारलं नाही आणि मीही अजून बांगड्याचं पोट साफ करताना दुसरीकडे बघते. रोज सकाळी पेज आणि दुपारी कुळथाची पिठी. पूर्वी त्या घरात दोन माणसं एकमेकांशी बोलायला लागली की तिसऱ्याला ओरडावं लागायचं. आता भांड्याचा आवाज झाला तरी आम्ही तिघंही दचकायचो.

दोन महिने गेले आणि नातेवाइकांनी तोंड उघडलं. देह नसला तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा आणि पुढचे दिवस घालायचे, अशी रीत आहे. त्याशिवाय गेलेल्याला वाट मिळत नाही, तो मधेच लटकून राहतो. बाबांनी भटजींशी बोलून ठेवलं होतं. आईने ऐकल्याबरोबर हातातली परात खाली ठेवली.

“जितो आसताना माझ्या झीलाक जाळतलास?”

बाबा शांत माणूस. ते म्हणाले, “मगे आपण देवाक विचारूया. कौल घेवया.” कौल म्हणजे देवाच्या मूर्तीला उजव्या आणि डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे आपली अडचण मोठ्याने देवापुढे मांडायची, आणि वाट बघायची. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आमच्याकडे लग्नापासून विहिरीपर्यंत सगळं असंच विचारतात. आई स्वतः त्यातली. विहीर खणतानाचा कौल तिनेच घ्यायला लावला होता. पण ती म्हणाली, “नको. देवाक विचारूचा नाय.” बाबांनी दोनदा समजावलं. तिने ऐकलं नाही. तिचा देवावर विश्वास नव्हता असं नव्हे. तो पुरेपूर होता, म्हणूनच तिला विचारायचं नव्हतं. देव एकदा बोलला की संपलं.

आणि मग ती एका दुपारी मला म्हणाली, “चल, माका तां मशीन दाखय. भाई खंय उभो रव्हायचो तां बघूचा आसा.” मी तिला दाजीकडे नेलं. दुपारचे तीन वाजले असतील. शाळा-कॉलेजची दहा-बारा पोरं विमानांच्या मशीनभोवती. लाद्यांच्या मशीनपुढे कोणीच नव्हतं, आणि ते आपलं आपण खेळत होतं. वरून निळी लादी आली, जागेवर थांबली, एक घर डावीकडे गेली, एक घर उजवीकडे, मग खाली. काठी जागच्या जागी स्थिर. आईने माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथे काळंनिळं झालं होतं.

“शालू, खेळता कोण?”

“कोण नाय गो आये. तां आपल्या आपण खेळता. भाई तेच्याच कडसून शिकललो.”

मी खरं तेच सांगितलं, आणि ते तिच्या कानात शिरलंच नाही. तिने डोक्यावरचा पदर नीट केला, हात जोडले आणि मशीनपुढे गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. गाऱ्हाणं पुरुषांनी घालायचं असतं. बाईने घातलेलं मी आधी कधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. “बा देवा म्हाराजा, बारा गावच्या, बारा वाटांच्या म्हाराजा, आज ही तुझी लेक तुझ्या पायाकडे उभी आसा. माझो झील तुझ्या पदरात आसा, तेका भूक लागली तर घास दी, तेका तहान लागली तर पाणी दी, तेका वाट दिसत नसात तर दिवो दाखय, आणि माझ्या दारात आणून सोड, रे म्हाराजा!” आणि विमानं पाडणारी ती सगळी पोरं, तोंडात सरबताच्या नळ्या असलेली, एका सुरात म्हणाली, “व्हय म्हाराजा!”

थट्टा नव्हती ती. आमच्याकडे लहानपणापासून गाऱ्हाण्याचा शेवट कानावर पडला की तोंडून ते आपोआप निघतं. पण निघून गेल्यावर पोरांच्या लक्षात आलं की आपण कशाला होकार दिला, आणि सगळी मान खाली घालून बाहेर पडली. दाजीने हातातला ग्लास पुसायचा थांबवला. मला तेव्हा लाज वाटली. आज ती लाज आठवली की स्वतःचाच राग येतो. त्या पोरांपैकी एक आता मालवणात दुकान चालवतो. मला बघितलं की तो अजूनही कुठेतरी दुसरीकडे काम असल्यासारखं करतो.

आई रोज जायला लागली. दाजी भला माणूस, त्याने तिला हाकललं नाही. उलट तिच्यासाठी स्टूल ठेवायचा. पण बाजार तो बाजार. ‘मास्तरांची बायको मशीनाक पूजता’ इथपासून ‘तिका मुंबयच्या डॉक्टराक दाखवूक व्हया’ इथपर्यंत सगळं आमच्या दारात पोचलं. अशात मामा सुट्टीवर आला आणि ते खोकं घेऊन आला.

कॉम्प्युटर म्हणजे एक जाडसर पाटी, तिच्यावर रबरी बटणं, एक काठी, वायर लांबलचक. टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट घालायची, दहा मिनिटं कर्कश किंचाळ्या ऐकायच्या, मग टीव्हीवर लाद्या. मी आणि मामा पहिल्यांदा बघत होतो तेव्हा भाईचा प्रश्न आमच्या दोघांच्याही डोक्यात होता. आहे का हुबेहूब? खरं सांगायचं तर होता आणि नव्हता. लाद्या तशाच, तीनची गंमत तशीच, आकडे वाढायचे ते तसेच. पण मशीनवर डझनभर रंग होते, इथे जेमतेम आठ, आणि दोन लाद्या जवळ आल्या की एकीचा रंग दुसरीत शिरायचा, लहान मुलाने भरलेल्या रांगोळीसारखा. मशीनची किणकिण इथे कानाशी डास आल्यासारखी टिंवटिंव झाली होती. खाली लाद्या साचल्या की खेळ जड व्हायचा, वरची लादी हळूहळू, अडखळत उतरायची. तरीही भाईने तो दिवसभर सोडला नसता, ‘तसो नाय’ म्हणत म्हणत खेळला असता.

माझा मुलगा पुण्यात असल्याच कामात आहे. तो सांगतो की तेव्हाची मशिनं घरच्या कॉम्प्युटरवर उतरवणं म्हणजे मोठी कसरत होती. जागा अपुरी, मग करणारे काय ठेवायचं आणि काय टाकायचं ते ठरवायचे. मागे त्याने तोच गेम फोनवर काढून माझ्या हातात दिला. “आई, हा मूळचाच आहे, एक ठिपका इकडचा तिकडे नाही.” खरंच नव्हता. रंग तेच, किणकिण तीच. मी काही केलं नाही तेव्हा तो आपला आपण खेळायला लागला, आणि लादी एक घर डावीकडे, एक घर उजवीकडे डुलली. मी फोन पालथा घालून भाजी निवडायला बसले. तो बिचारा विचारत राहिला, काय झालं, काय झालं.

आमच्या घरच्या गेममध्ये नेमकं तेच नव्हतं. करणाऱ्यांनी जागा वाचवायला ते टाकून दिलं असणार. बटण दाबलं नाही तर पहिलं चित्र तसंच उभं राहायचं, तासन् तास. मी आईला म्हटलं होतं, बाजारात कशाला, आता मशीन घरीच आलं. दुपारची भांडी झाल्यावर ती टीव्हीसमोर पाट घेऊन बसली. बसून राहिली. चहाची वेळ झाली तेव्हा उठली आणि म्हणाली, “हय तो येणा नाय.” दुसऱ्या दिवशी पुन्हा चप्पल घालून बाजाराकडे निघाली. मी फाटकापाशी तिच्या पाठीकडे बघत उभी राहिले आणि मला त्या वेळी भाईचा मनापासून राग आला. तू गेलास तो गेलास, आईलाही नेतोस?

टीव्हीचं टेबल होतं त्याला लागूनच आतल्या खोलीचं दार, दाराला पडदा. मी काठीची वायर टेबलावरच्या कापडाखालून पडद्यामागे नेली आणि तिथे तांदळाच्या डब्यावर बसले. पडद्याच्या फटीतून टीव्ही तिरका दिसायचा. त्या दुपारी आई बाहेर पडायच्या आधी मी गेम सुरू केला. पहिली लादी आली. मी ती जागेवर आणली, एक घर डावीकडे, एक घर उजवीकडे, मग खाली.

“इलो,” आई म्हणाली. मोठ्याने नाही. दारात कोणी ओळखीचं आल्यावर म्हणतो तसं.

महिनाभर मी भाई झाले. शाळा सुटली की घरी धावत यायचं, आई मागच्या दारी असताना डब्यावर जाऊन बसायचं. आई पाटावर बसून त्याच्याशी बोलायची. मोहनच्या आईने नारळ पाठवले ते, गाय व्याली ते, बाबांना खोकला झाला ते. माझ्याबद्दलही बोलायची. “शालू हल्ली घरात दिसनाच नाय. खंय भटकता कोण जाणा.” मी दोन हातांवर बसून ते ऐकायचे आणि लादी डुलवायचे. बाजारात जाणं थांबलं होतं, चुलीवर पुन्हा आमटीला फोडणी बसायला लागली होती, बाबांना वाटलं बाईचं मन सावरतंय. एवढंच खरं तर मला हवं होतं. पण मी आरशापुढे वेणी घालतानासुद्धा रिबीन आधी डावीकडे, मग उजवीकडे न्यायला लागले होते. आपल्या अंगात आपण किती उरलोय, अशी एक भीती मला तेव्हा बसली. ती पुरती कधी गेली नाही.

बाबांनी भटजींकडून पुन्हा दिवस काढून आणला. या खेपेला ते आईशी वाद घालायला बसले नाहीत, फक्त म्हणाले, “माका झोप येणा नाय. तो वाटेत उभो आसा असा दिसता.” एवढं सांगून ते शाळेत गेले. त्या दिवशी माझ्या शाळेला सुट्टी होती, त्यांच्या नव्हती. दुपारी आई न्हाऊन आली, टीव्हीपुढे समई लावली, नारळ ठेवला आणि पाटावर बसली. मी पडद्यामागे होते. एकेक लादी डुलवून सोडत राहिले, खाली त्या साचत गेल्या. तेव्हा आईने हात जोडले.

“बाळा, आयक. तुझो बापूस म्हणता तुका मोकळो करूक व्हयो. मी म्हणतंय तू येतलस. देवाक मी विचारूक नाय. मी तुकाच विचारतंय. येतलस तर फुडची लादी उजव्या अंगाक सोड. येणार नसशीत तर डाव्या अंगाक. तू सांगशीत तां मी आयकान.”

लादी वरून निघाली होती. खाली खूप लाद्या साचलेल्या, त्यामुळे खेळ जड झाला होता आणि ती अडखळत येत होती. मी चौदा वर्षांची होते. उजवीकडे सोडली असती तर आई जन्मभर त्या पाटावर आणि मी जन्मभर त्या डब्यावर, आणि बाबांच्या वाटेत भाई उभा. डावीकडे सोडली तर भाईला मी माझ्या हाताने संपवणार. सवयीने मी ती एक घर डावीकडे नेली, एक घर उजवीकडे आणली. ती पुन्हा मध्ये आली. आई श्वास धरून बसली होती, तिच्या गळ्याची शीर मला फटीतून दिसत होती. मग लादी डावीकडे गेली, अगदी कडेला लागली, आणि खाली पडली.

आईने जोडलेले हात कपाळाला लावले. मग तिनेच, एकटीने, हलक्या आवाजात म्हटलं, “व्हय म्हाराजा.” उठली, टीव्ही बंद केला, समईची वात हाताने मालवली. बाबा शाळेतून आले तेव्हा ती त्यांना दारातच म्हणाली, “भटजीक सांगा.”

दर्भाचा पुतळा हातभर लांबीचा होता. त्याला भाईचा सदरासुद्धा मोठा झाला असता, म्हणून त्याचा रुमाल गुंडाळला. बाबा किनाऱ्यावरून परत आले आणि ओटीवर बसून लहान मुलासारखे रडले. आई रडली नाही. तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि ठेवूनच दिला. त्या दिवसापासून बाबांना झोप लागायला लागली. मामाने कॉम्प्युटर खोक्यात भरला आणि कुणाला तरी देऊन टाकला.

पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आले की ती काठी अडकली होती. स्वस्तातली होती, परदेशी होती, दमट हवेने खराब झाली होती. लग्नाच्या आधी नवऱ्यालासुद्धा मी हे असंच सांगितलं. पण काठी अडकली नव्हती. मी ती डावीकडे ढकलली आणि लादी कडेला टेकेपर्यंत धरून ठेवली. भाई मेला हे मला त्या दिवशी जास्त कळलं होतं असं नाही. तो येणारच नाही अशी माझीही खात्री नव्हती. मला माझी आई परत हवी होती, एवढंच. ती मला मिळाली, पुढे पुष्कळ वर्षं मिळाली. माझं बाळंतपण तिने केलं, माझ्या मुलाला तिने आगपेट्या मांडून खेळवलं. शेवटच्या आजारात तिला नको नको त्या गोष्टी आठवायच्या, कोणाच्या लग्नात कोणी काय वाढलं इथपर्यंत. आणि जिने मी शाळेतून दहा मिनिटं उशिरा आले तरी ‘खंय होतस?’ म्हणून घर डोक्यावर घेतलं, तिने त्या दुपारी मी कुठे होते, हे मला मरेपर्यंत विचारलं नाही.